ड्रॅगन खोटा, चोरी खरी

ऑनलाइन गेममधलं जग खरं की खोटं, हा वाद अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन टोकांना जाऊन विझतो. एका टोकाला ‘स्क्रीन बंद केली की खेळ खलास, मग त्यात खरं काय उरलं?’ असं विचारणारे. दुसऱ्या टोकाला, विशेषतः फेसबुकच्या कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘मेटा’ हे नाव घेतल्यापासून, ‘उद्याचं सगळं आयुष्य तिथेच जाणार’ असं छातीठोकपणे सांगणारे. मध्येच कुणीतरी ‘मुळात आपलं विश्वच एखाद्या संगणकात चाललेलं असेल तर?’ असा प्रश्न टाकतं आणि चर्चा भलतीकडेच जाते. तो प्रश्न रंजक आहे, पण इथे त्याचा उपयोग नाही. विश्व संगणकात चाललेलं निघालं, तरी त्या विश्वात एकाची वस्तू दुसऱ्याने लुबाडली की नाही हा फरक जागच्या जागी राहतो. तो फरक कशामुळे पडतो, हे तपासायला मात्र दोन्ही पक्षांना सवड नसते.

भूमिका आधीच स्पष्ट केलेली बरी. ऑनलाइन गेमची जगं वास्तवाचा भाग आहेत. पैसा, करार, पद, संस्था या गोष्टी ज्या अर्थाने वास्तव आहेत, त्याच अर्थाने. ती परावलंबी आहेत, कुणाच्या तरी मालकीची आहेत, त्यामुळे ठिसूळ आहेत. पण ठिसूळपणा म्हणजे खोटेपणा नव्हे. ही गल्लत केल्याने काही जणांची जबाबदारी आयती टळते, म्हणून ती केवळ तात्त्विक चूक म्हणून सोडून देता येत नाही.

गेमच्या जगात तीन थर एकमेकांवर चढलेले असतात आणि वादातला बहुतेक गोंधळ ते वेगळे न केल्यामुळे होतो. पहिला थर चित्राचा: ड्रॅगन, किल्ला, तलवार. हा थर काल्पनिक आहे. कुठेही ड्रॅगन नाही, आणि तसा दावा कुठलाही खेळाडू करत नाही. दुसरा थर नोंदीचा: अमुक क्रमांकाची तलवार तमुक खात्यावर आहे, ही सर्व्हरच्या डेटाबेसमधली नोंद. ती काल्पनिक नाही. ती असते किंवा नसते, बरोबर असते किंवा चुकीची असते, आणि ती कुणाच्या समजुतीवर अवलंबून नसते. तिसरा थर माणसांचा: चाळीस जणांनी ठरलेल्या वेळी जमून केलेली रेड (मोठ्या शत्रूवरची सामूहिक चढाई), लूट कशी वाटायची याचा आधी ठरलेला नियम, गिल्डच्या (खेळाडूंच्या कायमच्या संघाच्या) तिजोरीची चावी कुणाकडे द्यायची याबाबतचा विश्वास. हा थर कुठल्याही पतपेढीतल्या किंवा क्रिकेट संघातल्या व्यवहाराइतकाच खरा आहे. ‘ड्रॅगन खोटा, म्हणून सगळं खोटं’ हा युक्तिवाद पहिल्या थरावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतो. पुतळा दगडाचा आहे म्हणून त्याच्या चौथऱ्यावर लिहिलेलं वर्षही खोटं, असं आपण म्हणतो का?

दुसरा थर किती कष्टाने राखावा लागतो, हे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. व्यवस्थित बांधलेल्या गेममध्ये खेळाडूच्या संगणकाला काहीही ठरवण्याचा अधिकार नसतो. तो फक्त विनंती पाठवतो: मी इथे सरकलो, मी वार केला, मी ही वस्तू उचलली. सर्व्हर दर सेकंदाला ठरावीक वेळा सगळ्यांच्या विनंत्या ताडून पाहतो आणि निकाल लावतो. तुमच्या स्क्रीनवर वार लागलेला दिसला आणि सर्व्हरच्या हिशेबात समोरचा तोवर आडोशाला गेलेला असला, तर वार लागलेला नसतो. म्हणजे या जगात ‘मला दिसलं’ आणि ‘झालं’ यांत फरक आहे. निव्वळ भासात असा फरक कुठून येणार? तिथे दिसणं हेच असणं असतं.

तीच गोष्ट वस्तूंची. जुन्या गेममधली ‘डुप’ची, म्हणजे एका वस्तूच्या दोन करण्याची, युक्ती पाहा. त्या जगाचे वेगवेगळे प्रदेश वेगवेगळ्या सर्व्हरवर चालत आणि खेळाडूची स्थिती काही मिनिटांनी साठवली जाई. एकाने तलवार दुसऱ्याला द्यायची. दुसऱ्याने लगेच सीमा ओलांडून पलीकडच्या प्रदेशात जायचं, म्हणजे त्याची नवी स्थिती साठवली जाते. मग पहिल्या प्रदेशाच्या सर्व्हरवर मुद्दाम इतका भार टाकायचा की तो कोसळावा. तो पुन्हा सुरू झाला की पहिल्या खेळाडूची जुनी साठवण वाचतो, आणि तिच्यात तलवार अजून त्याच्याकडेच असते. एका तलवारीच्या दोन झाल्या. यावरचा उपाय असा की प्रत्येक मौल्यवान वस्तूला स्वतंत्र क्रमांक द्यायचा, देवाणघेवाणीच्या दोन्ही बाजू एकाच व्यवहारात बांधायच्या (दोन्ही घडतील किंवा एकही घडणार नाही), आणि एकच क्रमांक दोन ठिकाणी आढळतो का याची नोंदवहीत नियमित झडती घ्यायची. नकली माल फार पसरल्यावर लक्षात आलं, तर ‘रोलबॅक’ करावा लागतो. म्हणजे सगळ्यांचेच मागचे काही तास पुसले जातात आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांची प्रामाणिक कमाईही त्यात जाते.

चलनाचंही असंच. प्रत्येक मारलेल्या राक्षसामागे नवं सोनं जन्माला येतं, त्यामुळे ते बाहेर जायला वाटा ठेवल्या नाहीत तर भाव चढत राहतात. म्हणून शस्त्रदुरुस्तीचा खर्च असतो, प्रवासाचं भाडं असतं, लिलावघराचं कमिशन असतं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ते विक्रीच्या ५ टक्के आहे. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये आधी उलट प्रयोग केला होता: जगातला एकूण माल ठरावीक, तोच फिरत राहणार. खेळाडूंनी माल घरात साठवून ठेवला, तो फिरायचा थांबला, नव्याने काही तयार होईना, आणि ती बंदिस्त रचना सोडून द्यावी लागली. साठेबाजी कशी करायची हे त्या खेळाडूंना कुणी शिकवलं नव्हतं. कादंबरीच्या लेखकाला असल्या कशाचीच काळजी करावी लागत नाही. त्याच्या राजाच्या खजिन्यात किती मोहरा आहेत हे त्याने लिहिलं की झालं. एक वाचक दुसऱ्या वाचकाच्या प्रतीतली अंगठी पळवू शकत नाही. ‘गेम म्हणजे हलती गोष्टच की’ हा आक्षेप इथे अडतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नासाठी चांगली हत्यारं आहेत, पण या वादात ती चुकीची चालवली जातात. ‘हे सगळं मायाच’ असं म्हणून गेमला रज्जुसर्पाच्या रांगेत बसवलं जातं. अद्वैत वेदान्तात सत्तेच्या तीन पायऱ्या आहेत: प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक. दोरीवर दिसलेला साप प्रातिभासिक, कारण ‘ही दोरी आहे’ हे कळताक्षणी त्याचा बाध होतो. साप उरत नाही, भीतीही उरत नाही. ही कसोटी गेममधल्या तलवारीला लावून पाहा. ‘ही फक्त डेटाबेसमधली एक ओळ आहे’ असं खेळाडूला शंभर वेळा सांगा. तो म्हणेल, हो, ठाऊक आहे. तलवार तिथेच राहते. ती विकता येते, हरवता येते, चोरीला जाते. अधिष्ठानाच्या, म्हणजे खाली खरं काय आहे याच्या, ज्ञानाने जिचा बाध होत नाही, ती गोष्ट प्रातिभासिक कशी? ती व्यावहारिक पायरीवर आहे, जिथे नोटा, सातबारा आणि मतदानाचा हक्क आहेत. धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाची कसोटी तर याहून कडक होती: ज्यात अर्थक्रिया, म्हणजे अपेक्षित काम, करण्याचं सामर्थ्य आहे ते सत्. स्वप्नातल्या पाण्याने तहान भागत नाही. गेममधल्या पाण्यानेही भागत नाही, म्हणून ते पाणी नव्हेच, हे मान्य. पण त्या तलवारीकडून जे काम अपेक्षित आहे ते ती करते, आज करते, उद्याही करते, आणि केवळ तिच्या मालकासाठी नव्हे तर समोर उभ्या असलेल्या प्रत्येकासाठी करते. स्वप्नातल्या वस्तूला हे जमत नाही.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. पहिला सर्वांना सुचणारा: सर्व्हर बंद झाला की सगळं नाहीसं होतं. हे खरं आहे आणि ते हलकं करून सांगण्यात अर्थ नाही. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ १५ डिसेंबर २०११ ला बंद झाला, ‘सिटी ऑफ हीरोज’ ३० नोव्हेंबर २०१२ ला. एका कंपनीच्या निर्णयाने अख्खं गाव पुसलं जावं, असं भौतिक जगात क्वचितच घडतं. पण यातून निष्पन्न काय होतं? एवढंच की या जगाचं अस्तित्व दुसऱ्या कशावर तरी टेकलेलं आहे. चलन शासनावर टेकलेलं असतं, कंपनी कायद्यावर, भाषा बोलणाऱ्यांवर. शेवटचा बोलणारा गेला की भाषा जाते. म्हणून ती कधीच नव्हती असं कुणी म्हणत नाही. शिवाय ‘सिटी ऑफ हीरोज’चं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. त्याचा सर्व्हर काही चाहत्यांनी वर्षानुवर्षं गुपचूप चालवला, २०१९ मध्ये ते उघड झालं, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने ‘होमकमिंग’ या चाहत्यांच्या सर्व्हरला रीतसर परवाना दिला. शहर परत आलं. रस्ते तेच, इमारती त्याच. पण तिथे खेळाडूंना नव्याने पात्रं उभी करावी लागली. २०१२ पर्यंत जमवलेली पात्रं त्यात नव्हती. ती जगाच्या प्रोग्रॅममध्ये नव्हतीच, ती नोंदींमध्ये होती. गेलं ते नेमकं काय, हे इथे स्पष्ट दिसतं. जे कधी नव्हतंच, ते परत न आल्याची हळहळ कुणाला वाटली असती?

दुसरा मुद्दा परिणामांचा. गेममध्ये मेलेला पुन्हा उठतो, मग तिथल्या कृतीला वजन कसलं? मुद्दा बिनतोड नाही, पण त्यात दम आहे, आणि तो समजून घ्यायला सप्टेंबर २००५ ची ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधली साथ उपयोगी पडते. झुल’गुरुब या नव्या रेडमधला हक्कार हा शत्रू ‘करप्टेड ब्लड’ नावाचा संसर्ग लावायचा. तो जवळच्या खेळाडूला लागत असे, थोड्या वेळाने संपत असे, आणि रेडच्या बाहेर पडूच नये अशी योजना होती. चूक पाळीव प्राण्यांत झाली. संसर्ग झालेला प्राणी मालकाने परत पाठवला की संसर्ग संपण्याची घटका थांबायची. शहरात जाऊन त्याला पुन्हा बोलावलं की संसर्ग जिवंत. दुकानदारांसारखी संगणकाने चालवलेली पात्रं स्वतः न मरता तो पसरवत राहिली. कमी लेव्हलचे खेळाडू क्षणात मरत. कंपनीने विलगीकरण करून पाहिलं, ते टिकलं नाही. काही खेळाडू शहर सोडून पळाले, काही उपचार करायला धावले, काहींनी मुद्दाम संसर्ग पसरवला, आणि पुष्कळ जण नुसतं बघायला आत शिरले. शेवटी सर्व्हर नव्याने सुरू करून आणि प्राण्यांना संसर्गातून वगळून साथ आटोक्यात आली. पुढे २००७ मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये यावर लिहिलं. त्यांना विशेष वाटलं ते हेच: कुतूहलाने धोक्यात शिरणारी माणसं साथींच्या गणिती प्रतिमानांत धरलीच जात नव्हती. टीकाकार म्हणतात की जिथे मृत्यू स्वस्त आहे तिथलं धाडसही स्वस्त असणार. बरोबर. या साथीवरून खऱ्या साथीत किती टक्के लोक कसे वागतील हे काढता येणार नाही. पण धाडस स्वस्त होतं म्हणून ते धाडस नव्हतं, असं होत नाही. पणाला लागलेली किंमत कमी होती, वागणारी माणसं तीच होती.

वास्तवाच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक आवडती चूक आहे आणि ती त्यांच्या पक्षाला कमकुवत करते. ते पैशाचे आकडे फेकतात. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’च्या नोराथ या जगाचं दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर काढलं होतं, आणि तो आकडा रशिया आणि बल्गेरियाच्या मध्ये बसत होता. ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या गेममध्ये २७-२८ जानेवारी २०१४ ला बी-आर५आरबी या ताराप्रणालीत सुमारे २१ तास लढाई झाली, प्रदेशाच्या ताब्यासाठीचं शुल्क वेळेवर भरलं गेलं नाही एवढंच निमित्त. ७५ ‘टायटन’, म्हणजे त्या गेममधली सर्वांत मोठी जहाजं, नष्ट झाली आणि बातम्यांत तीन लाख डॉलरचं नुकसान असं छापून आलं. हा डॉलरचा आकडा पुरावा म्हणून कच्चा आहे. त्या गेममध्ये पैसे भरून गेममधलं चलन मिळवता येतं, पण ते चलन नियमाने परत डॉलरमध्ये बदलता येत नाही, त्यामुळे हे रूपांतर एका बाजूनेच चालतं. शिवाय किंमत हीच वास्तवाची खूण मानली, तर जे विकता येत नाही ते सगळं अवास्तव ठरेल, मैत्रीसकट. त्या लढाईतलं खरं नुकसान वेगळं होतं. एक टायटन उभारायचं म्हणजे अनेकांनी खनिज काढायचं, वाहून आणायचं, सुटे भाग बनवायचे आणि मग शत्रूला सुगावा लागू न देता काही आठवडे त्या गोदीची राखण करायची. हजारो जणांची ती मेहनत एका रात्रीत गेली. सर्व्हरवरचा भार इतका होता की गेममधली वेळ नेहमीच्या १० टक्के वेगाने चालवावी लागली, आणि तरीही लोक जागेवरून उठले नाहीत.

सगळ्यात भक्कम आक्षेप यापुढचा आहे. खेळ म्हणजे एक रिंगण; आत शिरताना आपण नेहमीचे नियम बाहेर ठेवतो. पत्त्यांत थाप मारणं फसवणूक नाही, कुस्तीत आपटणं मारहाण नाही. गेम वास्तव मानला, तर त्यातली प्रत्येक लूट दरोडा ठरेल आणि खेळच मरेल. ‘ईव्ह’मध्येच २००५ साली ‘गायडिंग हँड सोशल क्लब’ या टोळीने सुपारी घेऊन एका प्रतिस्पर्धी संघटनेत आपली माणसं घुसवली, जवळजवळ वर्षभर विश्वास कमावला, आणि एका ठरलेल्या वेळी तिची गोदामं रिकामी करून तिच्या प्रमुखाचं जहाजही उडवलं. कंपनीने हस्तक्षेप केला नाही आणि तो न करणंच योग्य होतं. दगा हा त्या खेळाच्या घोषित नियमांतच बसतो आणि आत येणारा प्रत्येक जण ते जाणून येतो.

पण रिंगणाला कड असते. कुस्तीत आपटणं चालतं, चाकू चालत नाही. आणि चाकू चालवल्यावर ‘मी आखाड्यात होतो’ हा बचाव टिकत नाही. नेदरलँड्समध्ये २००७ मध्ये दोन मुलांनी एका १३ वर्षांच्या मुलाला मारहाण केली, चाकूचा धाक दाखवला, त्याला ‘रूनस्केप’मध्ये लॉग इन करायला लावलं आणि त्याचा ताईत आणि मुखवटा आपल्या खात्यावर वळवला. बचाव असा की या वस्तू म्हणजे नुसत्या प्रतिमा, त्यांना हात लावता येत नाही, मग चोरी कसली? ३१ जानेवारी २०१२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. त्या वस्तू मिळवायला त्या मुलाने वेळ आणि श्रम घातले होते, त्या त्याच्या एकट्याच्या ताब्यात होत्या, आणि तो ताबा त्याच्याकडून काढून घेतला गेला. चोरीला याहून अधिक काय लागतं? गेमच्या नियमांत अशा तऱ्हेने वस्तू मिळवण्याला जागा नव्हती, हेही न्यायालयाने पाहिलं. म्हणजे रिंगणाच्या आतली लूट खेळ राहिली, आणि रिंगण मोडून केलेली लूट गुन्हा ठरली. दोन्ही एकाच निकालात सुखाने नांदतात.

या निकालामागे एक जुनी परंपरा उभी आहे. वीज ही वस्तू आहे का? १८९९ मध्ये जर्मनीच्या राइश न्यायालयाने नाही म्हटलं: वीज म्हणजे भौतिक वस्तू नव्हे, सबब ती वळवून घेणं ही चोरी नव्हे. परिणाम असा की पुढच्याच वर्षी तिथे वीज पळवण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. डच न्यायालयाने २३ मे १९२१ ला उलट वाट धरली. हेगमधल्या एका दंतवैद्याने सुई घालून आपला मीटर अडवला होता. वीज दिसत नसली तरी तिच्यावर ताबा असतो, ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि तिला मोल असतं, म्हणून ती चोरी, असं न्यायालय म्हणालं. त्या काळीही ‘दिसत नाही, धरता येत नाही, मग ते खरं कसं’ हाच सूर होता. आज वीजचोराची बाजू घेऊन कुणी तत्त्वज्ञान सांगत नाही.

रिंगणाची कड केवळ मालमत्तेपुरती नसते. १९९३ मध्ये ‘लॅम्डामू’ या निव्वळ मजकुरावर चालणाऱ्या जगात एका खेळाडूने एका प्रोग्रॅमच्या जोरावर इतरांच्या पात्रांवर ताबा घेतला आणि त्यांच्या नावाने लैंगिक अत्याचाराची वर्णनं सर्वांसमोर टाकली. शरीराला कुणी स्पर्श केला नव्हता. पण ज्या स्त्रियांची पात्रं वापरली गेली त्यांचा अपमान कुठल्या काल्पनिक व्यक्तीचा नव्हता, त्यांचाच होता. दिवसचे दिवस चर्चा झाली, एकमत झालं नाही, आणि अखेर एका प्रशासकाने स्वतःच्या अधिकारात ते खातं नष्ट केलं. त्यानंतर त्या जगाचे संस्थापक पॅव्हेल कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची रीतसर पद्धत आणली. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. आणि तिथेही लोकांना कायद्याची गरज पडली. ‘गेमच तर आहे’ हे वाक्य अशा वेळी कोण म्हणतं ते पाहावं. ज्याला इजा झाली तो ते कधी म्हणत नाही.

राहिली भीती: या जगांना वास्तव म्हटलं तर मुलं तिथेच अडकतील. काळजी खरी आहे, निदान चुकलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीत, गेमिंगच्या विकाराची तीन लक्षणं दिली आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणं, इतर सगळ्या कामांहून खेळाला वरचं स्थान मिळणं, आणि नुकसान होत असूनही खेळणं चालू राहणं किंवा वाढणं, तेही साधारणपणे १२ महिने आणि जगण्यात ठळक बिघाड होईल इतकं. खरं आणि खोटं यांतला फरक न कळणं हे त्या यादीत नाही. अडकलेल्या मुलाला ड्रॅगन खोटा आहे हे पुरतं ठाऊक असतं. त्याला उठता येत नाही कारण रात्री दहाला गिल्डचे लोक त्याची वाट पाहत असतात, आज न गेलं तर आठवड्याचं बक्षीस बुडतं, आणि तिथे त्याला कुणीतरी मानतं. हे तिन्ही ओढ लावणारे दोर खरे आहेत. ‘ते सगळं खोटं आहे’ असं सांगून त्यातला एकही सुटत नाही; उलट सांगणाऱ्याला काही कळत नाही, अशी त्याची खात्री पटते. उपयोगी बोलणं सुरू होतं ते ‘तिथे तुझ्यावर काय काय अवलंबून आहे?’ या प्रश्नाने. रेड आठवड्यातून किती वेळा, मध्ये उठता येतं का, बदली खेळाडू कोण, हे विचारता आलं तर वेळापत्रकही बदलता येतं.

आणि आता ज्यांची जबाबदारी टळते त्यांच्याकडे. बीजिंगमध्ये ‘रेड मून’ या गेमच्या एका खेळाडूची दोन वर्षं आणि सुमारे १०,००० युआन खर्चून जमवलेली हत्यारं २००३ च्या फेब्रुवारीत हॅकरने पळवली. कंपनीचं म्हणणं, हा तर नुसता डेटाचा ढीग, त्याला बाहेर मोल नाही. तोच डेटा देण्यासाठी कंपनीने त्या खेळाडूकडून पैसे घेतले होते. डिसेंबरमध्ये न्यायालयाने वस्तू परत करायला लावल्या, कारण चोरीला वाट मिळाली ती सर्व्हरमधल्या कच्च्या दुव्यांमुळे. अशा कंपन्यांचा दुहेरी पवित्रा आजही तोच आहे. विकताना ‘ही तलवार तुमची’. हरवली, बंद पडली, खातं गोठवलं, की ‘आम्ही फक्त वापरण्याचा परवाना दिला होता’. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’च्या एका अपडेटने पाच लाल दर्जाच्या स्किन (हत्यारांची सजावटीची रूपं) देऊन त्याहून दुर्मीळ चाकू किंवा हातमोजे मिळवण्याची सोय केली, चाकूंचे भाव धाडकन कोसळले आणि लाल स्किनचे चढले. एका ओळीच्या बदलाने असंख्य लोकांच्या साठ्याचं मोल फिरलं. असा अधिकार कुठल्याही टांकसाळीला असता, तर तिच्यावर पूर्वसूचनेचं बंधन घातलं गेलंच असतं.

बंधनं हळूहळू येत आहेत. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात डिजिटल वस्तू विकताना, ग्राहकाला मालकी मिळत नसून परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. युबिसॉफ्टने ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, आणि पैसे देऊन घेतलेला तो गेम एकट्याने खेळण्यापुरताही उरला नाही, त्यातून उभ्या राहिलेल्या मोहिमेच्या युरोपीय नागरिक-याचिकेने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कंपन्या म्हणतात, सर्व्हर अनंतकाळ चालवणं परवडत नाही. हे रास्त आहे आणि तशी कुणी मागणीही करू नये. मागायच्या गोष्टी मोजक्या आणि करता येण्याजोग्या आहेत. बंद करण्याआधी काही महिन्यांची सूचना, आणि सूचना दिल्या दिवसापासून गेममधल्या वस्तूंची विक्री बंद. एकट्याने खेळता येण्यासारखा भाग असेल तर शेवटच्या अपडेटमध्ये सर्व्हरची तपासणी काढून टाकणं. तसं नसेल, तर सर्व्हरचा प्रोग्रॅम चालवण्यापुरता उपलब्ध करणं, दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेले भाग वगळून. खेळाडूला त्याच्या खात्याच्या नोंदी, पात्रं, वस्तू, देवाणघेवाणीचा इतिहास, वाचता येईल अशा फाइलमध्ये उतरवून घेता येणं. आणि खातं बंद केलं तर कुठल्या कृतीसाठी, कुठल्या दिवशी, कुठल्या नोंदीवरून, हे लेखी सांगणं, आणि मूळ निर्णय घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने त्यावरचं अपील वाचणं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे. लागणारी नोंद सर्व्हरकडे आधीच असते. डुप पकडण्यासाठी ती रोज चाळलीच जाते.